खंडेनवमीचा नारळ

त्या दुष्काळात आमच्या गावात पाणी टँकरने यायचं आणि लाकडातून निघायचं. हे मी गमतीने म्हणत नाही. शिरूर कासारच्या अलीकडचं आमचं गाव, विहिरींचे तळ उघडे पडलेले, हापसे नुसते खडखडायचे. आणि सुतारांच्या सहकारी संस्थेच्या पत्र्याच्या शेडमागे एका प्लास्टिकच्या नळीतून मात्र दिवसभर थेंब थेंब पाणी पडत असायचं. नळीखाली बादली. पाणी चहाच्या रंगाचं, बाभळीच्या वासाचं, चवीला तुरट. प्यायला उपयोगाचं नव्हतं, पण भांडी घासायला, फरशी पुसायला, म्हशीच्या अंगावर टाकायला चालून जायचं. माझी वहिनी रोज दुपारी ती बादली न्यायला यायची. तिला तेव्हा सातवा सरून आठवा लागला होता, त्यामुळे बादली मीच शेडच्या पुढे आणून ठेवायची आणि ती अर्धी अर्धी करून न्यायची.

हे पाणी काढणारं यंत्र मी चालवायची. गाव त्याला भट्टी म्हणायचं. आग नाही, धूर नाही, तरी भट्टी. जाड भिंतींची एक बंद खोली, आत ओल्या लाकडांची थप्पी, दर दोन थरांमध्ये पट्ट्या घालून हवेला वाट केलेली. पंखे हवा त्या थप्पीतून फिरवायचे. ओल घेऊन आलेली हवा यंत्राच्या गार नळ्यांवरून गेली की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा त्या नळ्यांना घाम सुटायचा, आणि तोच घाम वाहून बादलीत. कोरडी झालेली हवा मग त्याच यंत्राच्या गरम नळ्यांवरून पुन्हा लाकडाकडे. गार करणारा आणि गरम करणारा गॅस एकच, तांब्याच्या नळीत गोल गोल फिरत राहणारा. तो नळीत कोंडलेला आहे तोवर भट्टी चालते, बाहेर पडला की ती नुसती अंधारी खोली. मला हे शिकायला दोन वर्षं लागली. आमच्या चेअरमनना मी ते कितीतरी वेळा सांगितलं, तरी पाहुणे आले की ते छाती काढून सांगायचे, आपलं मशीन लाकूड पिळतं.

संस्था सुतारांची आणि चेअरमन बागायतदार. आमच्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. त्यांना रंधा हातात धरता येत नव्हता, पण मुंबईपर्यंत हात पोहोचत होता, आणि भट्टी आली ती त्या हातानेच. त्याआधी सुतार लोक बाभळीचे ओंडके गावच्या तळ्यात बुडवून ठेवायचे. वर्षभर पाण्यात मुरलं, मग सावलीत वाळलं, की त्या लाकडाला ना कीड लागायची ना ते पिळवटायचं. तळंच आटलं तेव्हा ओंडके कुठे बुडवणार? चिखलात रुतलेले जुने ओंडके वर आले आणि ते लोकांनी चुलीला नेले. उभी बाभळ तोडून तशीच ओली कापायची वेळ आली. ओल्या लाकडाचं जू केलं तर रस्त्यातच वाकडं होतं आणि बैलाचा खांदा सोलून निघतो. आमच्या भागातली निम्मी माणसं दसरा-दिवाळीनंतर बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला निघणार, म्हणजे खणखणीत वाळलेली जुवं आणि दांड्या तोवर तयार पाहिजेत. भट्टीचं खरं काम हे होतं.

माझं या भट्टीशी जुळलं ते असंच, आडवाटेने. माझं लहानपण उसाच्या फडात गेलं. दिवाळी झाली की आमचं घर गाडीत बसायचं आणि शाळा मागे राहायची. परत यायचो तेव्हा वर्गातली पोरं पुढच्या धड्यांवर गेलेली असायची आणि मी मागल्या बाकावर बसून पाटी पुसत राहायची. शेवटी बीडच्या आत्याने मला ठेवून घेतलं. दहावीनंतर आयटीआयला गेले तर शिवणकामाच्या जागा भरलेल्या. रिकामा होता तो फ्रीज-एसीचा ट्रेड. अख्ख्या वर्गात मी एकटी मुलगी. मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले, चुकून आलीस का? मी म्हटलं, हो. पण मग चुकून आलेल्या जागी मला लई बरं वाटायला लागलं. तांब्याची नळी वाकवायची, तोंडं जुळवायची, ज्योतीने सांधायची, आणि मग साबणाचा फेस लावून बघायचं, बुडबुडा येतो का. नाही आला की आत काहीतरी असं गाठल्यासारखं वाटायचं की सांगता येत नाही.

शिकून परत आले त्याच वर्षी भट्टी आली आणि ती चालवायला गावात मीच होते. वडिलांना त्याचा अभिमान वाटला असेल, पण त्यांनी तो कधी तोंडाने सांगितला नाही. त्या साली घरात वेगळाच पेच होता. वहिनी पोटुशी, तिला फडावर नेता येत नव्हतं. वडिलांचे गुडघे गेलेले, आईला वहिनीच्या बाळंतपणासाठी घरीच थांबणं भाग. भाऊ एकटा. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. अर्धा कोयता टोळी जमवणाऱ्या मुकादमाला नको असतो. मोळ्या कोण बांधणार, बैलांसाठी उसाच्या शेंड्यांचे वाढे कोण गोळा करणार, भाकरी कोण थापणार? दुसरा अर्धा घरात मीच होते.

वडिलांनी मला ओसरीवर बसवून सांगितलं. "मशीन चालू असंल तर तू ऱ्हा. मी मुकादमाला कायबी सांगंन. पर मशीन बंद पडलं तर भावासंगं जायचं. आदीच सांगून ठिवतो, मागून रडायचं न्हाई."

मी हो म्हणाले. मशीन माझ्या हातात होतं, मला भीती कसली? उलट मला ते मान मिळाल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून मात्र भट्टीचा आवाज मी झोपेतसुद्धा ऐकायला लागले.

भट्टीच्या खोलीला एक खोड होती. दाराची कडी फक्त बाहेरून लागायची. आतून उघडायची सोय असायला हवी होती, ती बसवणाऱ्यांनी बसवलीच नव्हती. आत जायचं तर घामाने अंग थबथबणार, डोळे चुरचुरणार, ओल्या बाभळीच्या वासाने छाती भरून येणार, आणि त्यात ते जाड दार मागून आपोआप मिटत येणार. म्हणून मी दारात लाकडाची पाचर ठोकल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. ती पाचर संस्थेतल्या एका म्हाताऱ्या सुतारांनी मला करून दिली होती. ते मला कधी मॅडम म्हणायचे, कधी पोरी म्हणायचे, आणि दोन्हीत सारखीच थट्टा असायची.

नवरात्राच्या आधी आम्ही हंगामाची शेवटची थप्पी भट्टीत भरली. आसपासच्या गावांतल्या तोडकऱ्यांची जुवं त्यातून निघणार होती. भावाचंही. थप्पीतला एक तुकडा मी खूण करून ठेवला होता, तो रोज बाहेर काढून तराजूवर घालायची. वजन उतरत होतं, बादली भरत होती, सगळं अगदी शिस्तीत चाललं होतं.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. करवती, रंधे, वाकस, पटाशी सगळं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, आणि त्या दिवशी हत्याराला कामाला लावत नाहीत. भट्टीसुद्धा हत्यारच, म्हणून ती बंद ठेवायची असं ठरलं. मला ते मनातून पटलं नव्हतं, पण एक-दोन दिवसांनी लाकडाला काही होत नाही, म्हणून मी गप्प बसले. यंत्र खोलीच्या बाहेरच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाला होतं. सुतारांनी त्याला झेंडूची माळ घातली. नळ्यांवर, झडपेवर, कॉम्प्रेसरवर हळदकुंकवाची बोटं उमटली. ते खरंच साजरं दिसत होतं.

चेअरमन पांढऱ्या कपड्यात आले. नारळ त्यांनीच फोडायचा हे ठरलेलंच. आता हा माणूस आयुष्यभर ट्रॅक्टरवर नारळ फोडत आलेला. नवा ट्रॅक्टर आला की त्याच्या हुकावर, नवी ट्रॉली आली की तिच्या कडेवर, पाण्याची मोटर बसवली की तिच्या लोखंडी बैठकीवर. ट्रॅक्टरचं काय जातंय? त्यांनी नारळ कानाशी हलवून बघितला, डोक्यावर नेला आणि यंत्राच्या लोखंडी चौकटीवर हाणला. नारळ फुटला नाही, हातातून जरा सटकला. त्यांना ते कमीपणाचं वाटलं असणार. दुसरा दणका त्यांनी रागाने घातला, आणि तो चौकटीवर न बसता झडपेच्या गळ्याशी, तांब्याच्या नळीच्या सांध्यावर बसला. नारळाची दोन शकलं झाली, पाणी सगळीकडे उडालं, लोकांनी जयजयकार केला. मी पुढे सरकले होते. माझ्या तोंडातून अर्धा शब्द निघालाही असेल, पण वाजंत्री सुरू झाली आणि तो कुणाला ऐकू गेला नाही. चेअरमननी पहिला प्रसाद मलाच दिला, यंत्राची मालकीण म्हणून. सगळे हसले, मीसुद्धा हसले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टी सुरू केली. सुरू झाली. आवाज तोच. मला हायसं वाटलं.

पहिल्यांदा ओळखलं ते वहिनीने. दुपारी आली, बादलीत डोकावली आणि म्हणाली, आज पानी कमी हाय गं. मी म्हटलं, लाकूड वाळत आलंय, पाणी कमीच होणार. तसं होतंच, शेवटी शेवटी थेंब मंदावतात. पण खुणेचा तुकडा तराजूवर घातला तर वजन जिथल्या तिथे. लाकडात ओल होती आणि ती बाहेर येत नव्हती. 

मग मी शोधाला लागले. आधी साधं साधं बघायचं, हे मास्तरांनी डोक्यात बसवलं होतं. पाणी जाणारी नळी तुंबली का ते बघितलं, झाडूची काडी घालून साफ केली. जाळीवर भुशाचा थर बसला होता, तो झटकला. पंखे नीट फिरतात का, दाराच्या रबरातून हवा जाते का, वीज कमी दाबाने येते का, सगळं तपासलं. वीज कमी दाबाची होती, पण ती आमच्याकडे नेहमीच तशी असते. एवढं करूनही बादली तळाशीच. वहिनी यायची, बघायची आणि काही न बोलता रिकामी जायची. तिचं ते न बोलणं मला फार लागायचं. भट्टी बंद पडली तर मी जाणार, आणि मी गेले तर तिच्या नवऱ्याला जोड मिळणार, हे तिलाही माहीत होतं. तिने कधी भट्टी बंद पडावी असं म्हटलं नाही. पण चालू राहावी असंही म्हणायला तिचं तोंड उघडत नव्हतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

गॅसच्या वाटेवर एक छोटीशी काच असते. गॅस पुरेसा असला की तिच्यातून निर्मळ धार दिसते. मी बघितलं तर काचेत बुडबुडे. गार नळ्यांच्या पहिल्या वेटोळ्यावर बर्फाची पांढरी साय, पुढची सगळी वेटोळी कोरडी ठणठणीत. आता शंकाच नव्हती, गॅस कुठूनतरी निघून चालला होता. साबणाचा फेस करून मी एकेक सांधा बघत गेले. कुठेच बुडबुडा नाही. एक जागा मात्र मी सोडत होते. खंडेनवमीचं हळदकुंकू पुसायचं नसतं, ते आपोआप जाऊ द्यायचं असतं. लहानपणापासून कानावर पडलेलं. झडपेच्या गळ्याशी कुंकवाचा मोठा ठिपका होता आणि माझा हात दर वेळी तिथून वळसा घालून पुढे जायचा. शेवटी एका दुपारी उन्हाची तिरीप त्याच्यावर पडली आणि मला दिसलं की ते कुंकू काळपट झालंय. तेलात भिजलेलं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल नळीतून फिरत असतं, गॅस निसटतो तिथे तेलाचा डाग राहतो. मी पदराने कुंकू पुसलं. खाली सांध्यावर केसाएवढी चीर होती. फेस लावला तर बुडबुडे भराभर फुगले.

मी तिथेच खाली बसले. काय झालं ते मला कळलं, कुणी केलं ते कळलं, आणि ते आता तोंडातून काढता येणार नाही हेही त्याच क्षणी कळलं. या गावात चेअरमनच्या शब्दावर टँकर येतो. कुणाच्या वस्तीवर आधी जायचा, कुणाच्या नंतर, ते त्यांच्या ओसरीवर ठरतं. माझ्या बापाचं घर गावाच्या शेवटच्या टोकाला आहे. मला संताप आला, चेअरमनचा आला, नारळाचा आला, माझा स्वतःचा आला की वाजंत्रीपेक्षा मोठ्याने मला ओरडता आलं नाही.

म्हातारे सुतार जवळ येऊन उभे राहिले. त्यांनी चीर बघितली, मग माझ्याकडे बघितलं. ते हलक्या आवाजात म्हणाले की नारळ बसला तेव्हाच त्यांना आवाज वेगळा वाटला होता. तंबाखू मळत त्यांनी पुढचं सांगितलं.

"म्या बी बघितलं, समद्यांनी बघितलं. पर बोलायचं कुनी?"

म्हणजे मी एकटीच कोंडीत नव्हते. अख्खी संस्था कोंडीत होती, फक्त त्यांना तिची सवय झालेली होती.

मी चेअरमनकडे गेले आणि एवढंच सांगितलं की नळीला चीर गेलीय, गॅस संपत आलाय, चीर मी सांधते, पण गॅसची नवी टाकी औरंगाबादहून मागवावी लागेल. कशाने चीर गेली ते मी बोलले नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, नवीकोरी चीज, कावून बंद पडली? मग स्वतःच उत्तर दिलं की नजर लागली. रोज कोणी ना कोणी बघून जातंय, लागणारच. आधी पूजा घालू, मग टाकीचं बघू. त्यांच्या मनात काय होतं देव जाणे. त्यांना आठवत नसेलही. मोठ्या माणसांना आपल्या हातून काय फुटलं ते फारसं आठवत नाही.

पूजेचा वार येईपर्यंत मी चीर सांधून घेतली. उरलासुरला गॅस गेलेलाच होता. गावातल्या गाडी जोडणाऱ्या वेल्डरची गॅसची बत्ती मागून आणली, आयटीआयपासून जपून ठेवलेली सांध्याची कांडी वापरली. गेवराईच्या फ्रीज दुरुस्तीवाल्याने नायट्रोजनची टाकी उसनी दिली, तो वायू दाबाने नळीत भरून ठेवला. सकाळी बघितलं तर दाबाचा काटा जागचा हलला नव्हता. सांधा पक्का. त्याच्याकडे गॅसही होता, पण घरच्या फ्रीजला पुरेल तेवढा. आमच्या यंत्राला तो घोटभर. मोठी टाकी संस्थेलाच मागवावी लागणार होती, आणि संस्था म्हणजे चेअरमन.

पूजेच्या दिवशी पुन्हा तेच. झेंडू, हळदकुंकू, सुतार मंडळी टोप्या सावरून उभी. वाजंत्री मात्र नव्हती. चेअरमननी नारळ हातात घेतला, कानाशी हलवला आणि यंत्राकडे गेले. माझ्या नव्या सांध्यावर नुकतंच कुणीतरी कुंकवाचं बोट टेकवलं होतं. त्यांनी हात वर नेला. मी काही ठरवून केलं नाही. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि सांध्यावर माझा तळहात ठेवला.

"आण्णा, नारळ दगडावर फोडा. मागल्या बारीला नळीवर फोडलाता, तवाच ती चिरली."

 म्हाताऱ्या सुतारांनी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने भुसा उकरत राहिले. बाकीचे झेंडूकडे बघत होते. मला वाटलं, कुणीतरी एक जण तरी म्हणेल की होय, असंच झालं. मी वाट बघितली. चेअरमनचा हात बराच वेळ वर होता, मग तो सावकाश खाली आला. ते हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"बरं," ते म्हणाले. "दगडावर फोडू. पोरगी शिकल्याली हाय."

दगड आणला गेला. नारळ एका दणक्यात फुटला. प्रसाद सगळ्यांना मिळाला, मला सगळ्यात शेवटी. मला वाटलं, झालं, संपलं, आता टाकी येईल. भट्टी आठवडाभर चालली असती तरी जुवं वाळली असती.

टाकी आली नाही. विचारायला गेले की ते गोड बोलायचे. मागवलीय गं पोरी. दिवाळीची गर्दी हाय, गाड्या भेटत न्हाईत. पुन्हा गेले तर कुणाला तरी फोन लावून दाखवायचे. मी स्वतः जाऊन आणते म्हटलं, तर संस्थेच्या कागदावर त्यांची सही लागणार होती आणि सही करायला त्यांना फुरसत नव्हती. दिवसभर मी बंद यंत्रासमोर बसून राहायची. सांधा पक्का, नळ्या साफ, पंखे नीट, जाळी स्वच्छ. यंत्रात काहीही बिघाड नव्हता, फक्त आत फिरायला काही नव्हतं. मी पाचर लावून खोलीत जायची, गार पडलेल्या थप्पीवर हात ठेवायची. लाकूड अजून जड लागायचं. बादलीत कोळ्याने जाळं विणलं. वहिनी आता दुपारी यायची थांबली.

 दिवाळीच्या आधी वडिलांनी माळ्यावरून कोयते काढले आणि कानस घेऊन धार लावायला बसले. एक झाला, मग दुसरा घेतला. दुसरा छोट्या मुठीचा होता, आईचा. त्याच्या मुठीला त्यांनी नवी चिंधी गुंडाळली. ते बघून मी आत गेले आणि पिठाच्या डब्यामागे तोंड करून रडले. मागून रडायचं नाही असं ठरलं होतं, पण ते त्यांच्यासमोर रडण्याबद्दल होतं, असं मी धरलं.

सुतारांनी थप्पी अर्धवट ओलीच बाहेर काढली. इलाज नव्हता, हंगाम कुणासाठी थांबत नाही. म्हाताऱ्या सुतारांनी सगळी लाकडं टिचकी मारून वाजवून बघितली आणि त्यातल्या त्यात कोरडं निवडून माझ्या भावाचं जू घडवलं. स्वतः घरी आणून दिलं. आईने पुढे केलेला चहा न घेता ते निघून गेले.  मला त्यांचा राग आला होता आणि ते जू हातात घेतल्यावर तो राग टिकवता येईना.

निघायच्या दिवशी वेशीजवळ गाड्यांची रांग लागली, मुकादम एकेक गाडी मोजत फिरत होता. गाडीत पीठ, मीठ, पातेली, ताडपत्री, जळण. मी भांड्यांच्या पोत्याला टेकून बसले होते. भावाने बैल जुंपले होते. वहिनी मला ओवाळायला आली होती. तिने मला कुंकू लावलं आणि आम्ही दोघींनीही एकमेकींकडे बघायचं टाळलं. आमच्याकडे गाड्या निघताना पुढच्या गाडीसमोर नारळ फोडतात, आणि तो मान कुणाचा हे सांगायला नको. त्या रांगेत आमची गाडी पुढे होती.

चेअरमन आले. सगळ्यांना नमस्कार केला, म्हाताऱ्यांची विचारपूस केली. नारळ हातात घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, दगड आना रे, ह्या पोरीला नारळ दगडावरच लागतो. लोक हसले. भाऊही हसला, बिचाऱ्याला काय माहीत. दगडावर नारळ फुटला. त्यांनी खोबऱ्याचे तुकडे केले आणि एक तुकडा वर करून माझ्या हातात दिला.

"गॅसची टाकी आली बरं का, परवाच. हाफिसात ठिवलीया. तू आलीस की भर."

मी वडिलांकडे बघितलं. ते जवळच उभे होते, त्यांनी ऐकलं होतं. टाकी शंभर पावलांवर होती. संध्याकाळपर्यंत भट्टी सुरू झाली असती. मशीन चालू असेल तर तू राहा, हे त्यांचेच शब्द होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुकादमाकडे, मग वहिनीच्या पोटाकडे. जुवाची दोरी आधीच घट्ट होती, ती त्यांनी पुन्हा ओढून बघितली.

"आता गाडी जुपलीया," ते म्हणाले.

खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातात होता. चेअरमन अजून माझ्याकडेच बघत उभे होते, हसतमुख. प्रसाद टाकून देत नाहीत. मी तो खाल्ला, आणि गाडी हलली.